आवडत्या रॉक बँडचा बाज बदलला, तर श्रोत्याने काय करावे?

विदर्भातल्या खेड्यांत रॉक ऐकणारा श्रोता बहुधा एकटा असतो. आर्वी, दर्यापूर, उमरखेड किंवा मूलच्या आसपासच्या एखाद्या गावात फार तर आणखी दोघा-तिघांना ही आवड असते. त्यांच्यापर्यंत हे संगीत पोचते ते अमरावती-नागपूरच्या वसतिगृहात राहून आलेल्या कोणा थोरल्या भावाच्या पेन ड्राइव्हमधून, तालुक्याच्या मोबाइल दुकानात भरून घेतलेल्या मेमरी कार्डातून, आणि अलीकडे थेट फोनवरून. अवतीभवती कोणी त्या गाण्यांविषयी बोलत नसताना वर्षानुवर्षे जपलेली ही आवड असल्यामुळे ती फार जिव्हाळ्याची होऊन बसते. ज्या बँडची जुनी गाणी तोंडपाठ आहेत त्याचा नवा अल्बम येतो, तो मोठ्या आशेने लावला जातो आणि त्यात ओळखीचे काहीच सापडत नाही, तेव्हा होणारा विरस खरा असतो. त्याला कोणी पोरकटपणा म्हणू नये.

हे मार्गदर्शन अशा श्रोत्यासाठी आहे. नवे संगीत न आवडण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे, परंतु नेमके काय बदलले आणि त्यात काय हरवले हे सांगता येईपर्यंत त्याने बँडच्या हेतूवर बोट ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. हे सांगता येणे सरावाने जमते, आणि आपल्याकडच्या श्रोत्याला तर त्या सरावाची सोय गावातच आहे.

पहिल्या ऐकण्यात निकाल देऊ नये

25 जुलै 1965 रोजी अमेरिकेतल्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन विजेवर चालणारी गिटार आणि सोबतीला वादकांचा ताफा घेऊन मंचावर आला. त्या महोत्सवाच्या श्रोत्यांनी त्याला डोक्यावर घेतले होते ते साध्या गिटारीवर आणि हार्मोनिकावर गाणारा लोकगायक म्हणून. त्या संध्याकाळी श्रोत्यांतून हुर्यो उठली. मात्र ती कशासाठी होती, यावर तिथे हजर असलेल्यांचेही कधी एकमत झाले नाही. कोणी म्हणतात विजेच्या गिटारीमुळे, कोणी म्हणतात ध्वनियंत्रणा वाईट असल्यामुळे गाण्याचे शब्द कळत नव्हते म्हणून, तर कोणी म्हणतात तीनच गाणी वाजवून ताफा मंचावरून उतरला म्हणून. पुढच्या वर्षी, 17 मे 1966 रोजी, इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये त्याने कार्यक्रमाचा पूर्वार्ध एकट्याने साध्या गिटारीवर सादर केला आणि उत्तरार्ध बँडसह. उत्तरार्धात प्रेक्षकांतून एकाने त्याला ‘जूडास’ म्हणून हाक मारली. जूडास म्हणजे येशूला चांदीच्या नाण्यांसाठी पकडून देणारा शिष्य. एका गायकाने वाद्य बदलले, एवढ्यासाठी इतका मोठा आरोप झाला.

पहिल्या प्रसंगावरून असे दिसते की गर्दीतला राग नेमका कशाचा आहे, हे रागावलेल्यांनाही पुरते उमगलेले नसते. दुसरा प्रसंग अधिक बोलका आहे. निम्मा कार्यक्रम जुन्या बाजाचा असूनही त्या श्रोत्याचे समाधान झाले नाही. जुने ऐकायला मिळणे त्याला पुरेसे नव्हते, नवे घडूच नये अशी त्याची इच्छा होती. ही इच्छा आपल्याही मनात आहे का, हे प्रत्येक चाहत्याने प्रामाणिकपणे तपासावे, कारण ती असेल तर पुढचे कितीही ऐकणे व्यर्थ आहे.

नवा अल्बम आला की त्याच रात्री त्यावर स्टेटस टाकू नये. चार-पाच वेळा, मध्ये दोन-तीन दिवसांचे अंतर ठेवून, क्रम न बदलता संपूर्ण अल्बम ऐकावा. येथे एक सावधगिरीही हवी. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने 1968 साली दाखवून दिले की एखादी गोष्ट वारंवार समोर आली, तर केवळ परिचयामुळे ती आपल्याला आवडू लागते. म्हणून लागोपाठ वीस वेळा ऐकून ‘आता आवडले’ असे वाटले, तर त्यात गाण्याचा गुण किती आणि सवयीचा वाटा किती, हे ठरवणे अवघड होते. अंतर ठेवून ऐकण्याचा फायदा असा की मधल्या काळात जी चाल आपोआप ओठांवर येते, तिच्यात काही तरी जीव आहे असे समजायला हरकत नाही.

ऐकण्याची साधने आणि जागा यांकडे आपल्याकडे फारच दुर्लक्ष होते. बेस गिटारीची सर्वांत खालची तार सुमारे 41 हर्ट्झचा स्वर देते, आणि फोनच्या अंगच्या छोट्या स्पीकरमधून इतका खालचा स्वर बाहेर पडतच नाही. जुन्या अल्बमवर कर्कश गिटारींचे राज्य होते म्हणून तो फोनवरही बरा वाजत होता. नव्या अल्बमचा सगळा डोलारा बेसवर आणि खर्जातल्या कीबोर्डवर उभा असेल, तर तोच फोन तो डोलारा गिळून टाकतो आणि श्रोता म्हणतो की गाण्यात दमच राहिला नाही. साधा वायरचा इअरफोन वापरला तरी हा अन्याय बराच टळतो.

पहिले ऐकणे वावरात करू नये, हेही आवर्जून सांगावेसे वाटते. कृषिपंपाची वीज रात्रपाळीत असते तेव्हा हरभऱ्याला किंवा गव्हाला ओलीत करायला गेलेल्या तरुणाला धुऱ्यावर बसून गाणी ऐकायला हाच निवांत वेळ वाटतो. परंतु रानडुकरांची आणि सापांची चाहूल लागावी म्हणून त्याला एक कान मोकळा ठेवावाच लागतो, आणि तसा तो ठेवलाच पाहिजे. एका कानाने ऐकलेल्या संगीतात मात्र डावी-उजवीकडची अर्धी रचना निघून जाते, पाणी कुठे फुटले याकडे लक्ष असते, आणि अशा अवस्थेत बनलेले मत नंतर बदलायला जड जाते. ओळखीची गाणी वावरात ऐकावीत. नव्या अल्बमसाठी घरी, दोन्ही कान देऊन, तासभर काढावा.

नेमके काय बदलले, ते ओळखावे

‘यांचा साउंड बदलला’ हे वाक्य इतके ढोबळ आहे की त्यातून काहीच कळत नाही. आवाज बदलला, वाद्ये बदलली, लय उतरली, गाण्यांची लांबी घटली, ध्वनिमुद्रणाची पद्धत बदलली की माणसेच बदलली? प्रत्येकाचा परिणाम वेगळा असतो.

हे वेगळे काढण्याचा सराव गावातच होऊ शकतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर भजने म्हणत गावोगाव जी परंपरा रुजवली, ती गुरुकुंज मोझरीपासून पार चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंतच्या भजन मंडळांत आजही चालू आहे, आणि खंजिरी भजनाच्या स्पर्धाही ठिकठिकाणी होतात. या भजनांना नियमित बसणारा म्हातारा माणूस काय काय ओळखतो, याकडे लक्ष द्यावे. खंजिरी कातड्याची आहे की कृत्रिम पडद्याची, पेटीच्या जागी कीबोर्ड आला आहे का, मुख्य गायकाचा आवाज बसल्यामुळे पट्टी उतरवली आहे का, जुन्या भजनाला सिनेमाची चाल लावली आहे का, हे त्याला पहिल्या दोन ओळींत कळते. त्याची कुरकुरही नेमकी असते: ‘ठेका तोच हाय, पण झील धरणारे बदलले.’ वादक, वाद्य, पट्टी, चाल आणि साथ यांना वेगवेगळे ऐकण्याची ही सवय रॉकलाही जशीच्या तशी लागू पडते. अशा एखाद्या आजोबांशेजारी बसून दोन भजने ऐकावीत आणि त्यांना काय खटकते ते विचारावे. हे शिक्षण फुकट आहे आणि फार मोलाचे आहे.

त्यानंतर वही घ्यावी. बँडचे एक जुने आणि एक नवे गाणे निवडावे आणि प्रत्येक गाणे तीनदा ऐकावे: एकदा फक्त आवाजाकडे लक्ष देऊन, एकदा फक्त ड्रम आणि बेसकडे, आणि एकदा गिटार व इतर वाद्यांकडे. दर वेळी एकच ओळ लिहावी. एवढ्याने अनेक गैरसमज दूर होतात, कारण पुष्कळदा असे निघते की ड्रम वाजवण्याची रीत तशीच आहे आणि फक्त गिटारी मागे सारल्या आहेत, किंवा वाद्ये तीच आहेत आणि गायकाने ओरडणे सोडले आहे.

काही उदाहरणे पाहावीत. एसी/डीसी या बँडचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी 1980 मध्ये वारला आणि ब्रायन जॉन्सन आला. त्याच वर्षी जुलैत आलेला अल्बम जगभर विक्रमी खपला. गायक बदलला, पण गिटारींचा आणि ठेक्याचा बाज जागचा हलला नाही, म्हणून बहुतेक चाहते सोबत राहिले. क्वीनचे उलटे झाले. माणसे चौघे तीच होती, परंतु सत्तरच्या दशकात अल्बमच्या वेष्टनावर ‘सिंथेसायझर वापरलेला नाही’ असे अभिमानाने छापणाऱ्या या बँडने 1980 मध्ये सिंथेसायझर स्वीकारला आणि 1982 मध्ये नाचाच्या संगीताकडे वळलेला अल्बम काढला, तेव्हा अनेक जुने चाहते दुरावले. माणसे तीच राहिली म्हणून बाज टिकत नाही आणि एक माणूस गेला म्हणून तो मोडतोच असेही नाही.

रेडिओहेडचे वळण याहूनही तीव्र होते. 1997 च्या गिटारप्रधान अल्बमने त्यांना कीर्तीच्या शिखरावर नेले, आणि ऑक्टोबर 2000 मध्ये आलेल्या पुढच्याच अल्बममध्ये गिटारी जवळजवळ नाहीशा होऊन यंत्रांचे ठेके, कापून-जोडून वापरलेला गायकाचा आवाज आणि ओंद मार्तनो हे जुने फ्रेंच विद्युतवाद्य पुढे आले. पुष्कळ चाहते आणि काही समीक्षकही भांबावले. तरीही तो अल्बम इंग्लंड आणि अमेरिका या दोन्ही देशांत विक्रीत पहिल्या क्रमांकावर पोचला, आणि आज त्याची गणना त्या काळातल्या महत्त्वाच्या अल्बममध्ये होते. त्यावरून प्रत्येक बदल काळाच्या ओघात श्रेष्ठ ठरतो असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. कित्येक अल्बम वीस वर्षांनीही फसलेलेच राहतात.

आपल्याकडच्या तरुणांना सर्वांत जवळचे उदाहरण बहुधा लिंकिन पार्कचे असेल. 2000 आणि 2003 च्या अल्बममध्ये रॅप, किंकाळीपर्यंत जाणारे गायन आणि जड गिटारी यांचा जो मेळ होता, तो 2007 मध्ये सैल झाला, 2010 मध्ये इलेक्ट्रॉनिक रचना पुढे आल्या, 2014 मध्ये गिटारी पुन्हा जड झाल्या आणि मे 2017 मध्ये आलेला अल्बम जवळपास पॉपचा होता. ‘2003 नंतर सगळे बिघडत गेले’ हे विधान पानठेल्यावर नेहमी ऐकू येते, पण ते वस्तुस्थितीला धरून नाही, कारण हा बदल एका दिशेने झालेलाच नाही. 2017 च्या अल्बमवर कडवट टीका झाली, आणि गायक चेस्टर बेनिंग्टनलाही तिचा संताप आला होता. 20 जुलै 2017 रोजी त्याने जगाचा निरोप घेतल्यानंतर असंख्य चाहत्यांनी तोच अल्बम पुन्हा लावला आणि आपण चालीवर चिडलो होतो, शब्द ऐकलेच नव्हते, असे त्यांच्या ध्यानात आले. दुःखामुळे एखादे गाणे संगीत म्हणून चांगले ठरत नाही, हे मी येथेही म्हणेन. शब्द मात्र पहिल्याच वेळी ऐकले पाहिजेत, आणि इंग्रजी कच्चे असेल तर ते कोणाकडून समजावून घेतले पाहिजेत. सप्टेंबर 2024 मध्ये एमिली आर्मस्ट्राँग ही नवी गायिका घेऊन हा बँड परतला तेव्हा चाहत्यांत पुन्हा दोन तट पडले. तिच्या आवाजाची तुलना करण्याआधी वर सांगितलेली तीन वेळा ऐकण्याची रीत वापरून पाहावी.

भारतीय बँडपैकी दिल्लीच्या इंडियन ओशनचे श्रोते या कसोटीतून दोनदा गेले. डिसेंबर 2009 मध्ये तबल्यासह गाणारे असीम चक्रवर्ती वारले आणि 2013 मध्ये गिटारवादक सुश्मित सेन बाहेर पडले. असीमदांचा आवाज आणि बोटे एकाच माणसाची होती, त्यामुळे त्यांच्या जाण्याने झालेली पोकळी दोन जागी जाणवते. जुनी गाणी ऐकून पुढची ऐकणाऱ्याला हे स्वच्छ कळते.

बदलाची कारणे

कारणे थोडक्यात सांगता येतील. आवाज थकतो किंवा दुखावतो: मेटॅलिका या बँडचा गायक जेम्स हेटफील्ड याला नव्वदच्या सुमारास ध्वनिमुद्रणात आवाज दुखावल्यावर गाण्याची शिकवणी घ्यावी लागली, आणि त्यानंतर त्याचे गाणे अधिक सुरेल झाले. माणसे जातात. नवा निर्माता येतो. तीच गाणी वर्षानुवर्षे शेकडो मंचांवर वाजवून वादकांना कंटाळा येतो. आणि होय, अधिक खपाची इच्छाही असते. तिच्यात लाजण्यासारखे काही नाही, कारण संगीतावरच त्यांचे घर चालते. बाहेरून पाहणाऱ्याला यांतले कोणते कारण किती, हे क्वचितच कळते. म्हणूनच बँड पैशासाठी ‘विकले गेले’ हा शब्द चाहत्याने वापरू नये, असे मी सांगतो.

मेटॅलिकावर हा आरोप 1991 च्या काळ्या मुखपृष्ठाच्या अल्बमनंतर झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यात गाणी आखूड झाली, लय उतरली, बॉब रॉक हा निर्माता आला आणि अल्बम एकट्या अमेरिकेत दीड कोटीहून अधिक खपला. परंतु त्याच्या सात वर्षे आधी, 1984 च्या दुसऱ्या अल्बममध्ये एका गाण्याची सुरुवात साध्या गिटारीवर संथपणे केली म्हणूनही त्यांच्यावर हाच आरोप झाला होता. आज तो 1984 चा अल्बम ‘खऱ्या, जुन्या मेटॅलिका’चा पुरावा म्हणून दाखवला जातो. आपण ज्याला जुना बाज म्हणतो, तो कोणाच्या तरी दृष्टीने आधीच बिघडलेला होता, हे चाहत्याने विसरू नये.

तक्रार कशी मांडावी

मित्रांत होणारे बोलणे साधारण असे असते. एक म्हणतो, ‘भाऊ, काही मजा नाही राह्यली आता यायच्यात.’ दुसरा म्हणतो, ‘तुले नवीन काही पटतच नाही.’ येथे संवाद संपतो आणि भांडण सुरू होते. त्याऐवजी पहिल्याने फोन काढून दुसऱ्या गाण्याचा दीड मिनिटानंतरचा तुकडा लावावा आणि म्हणावे की येथे जुन्या रीतीने ड्रम थांबून गिटार एकटी यायला हवी होती, इथे सगळेच एकदम वाजते, म्हणून धक्का बसत नाही. आता दुसऱ्याला उत्तर द्यायला काही तरी हातात मिळते. तक्रारीत तीन गोष्टी असाव्यात: कोणते गाणे आणि कोणती जागा, तिथे काय बदलले, आणि त्यामुळे काय हरवले. तिसरी गोष्ट सुचत नसेल तर तक्रार अजून तयार झालेली नाही, असे समजावे.

नेमकी तक्रार किती ताकदीची असते, हे मेटॅलिकाच्याच चाहत्यांनी सप्टेंबर 2008 मध्ये दाखवले. बँडचा नवा अल्बम पुन्हा वेगवान आणि जड होता, म्हणजे जुन्या चाहत्यांना हवा तसाच होता. तरीही ऐकताना कान शिणत होते. त्याच सुमारास तीच गाणी गिटार हीरो या व्हिडिओ गेमसाठीही दिली गेली होती. चाहत्यांनी दोन्ही ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवून ऐकली, संगणकावर त्यांच्या लहरींची चित्रे काढली आणि दाखवून दिले की गेममधली गाणी मोकळी वाजतात, तर अल्बममध्ये आवाज इतका दाबून चढवला आहे की हळू आणि मोठ्या स्वरांतले अंतर मिटून गेले आहे आणि जागोजागी आवाज फाटतो आहे. लग्नाच्या मांडवात भोंगा पूर्ण चढवल्यावर जसा आवाज फाटतो, तोच हा प्रकार. अल्बमवर अखेरचा हात फिरवणारे अभियंता टेड जेन्सन यांनीही आपल्याकडे आले तेव्हाच ते ध्वनिमुद्रण दाबलेले होते, असे कळवले. नव्याने ध्वनिमिश्रण करावे म्हणून हजारो चाहत्यांनी सह्या केल्या. येथे कोणी बँडच्या हेतूवर बोलले नाही, दोष दाखवला आणि त्याचा पुरावा दिला. संगीताच्या चाहत्यांनी केलेल्या तक्रारींत मला ही सर्वांत आदराची वाटते.

ज्यांना नवा अल्बमच आधी ऐकायला मिळाला आणि तोच आवडला, अशा धाकट्या श्रोत्यांशी जुन्यांनी कसे वागावे, हाही प्रश्न येतो. ‘तुला यातले काय कळते’ असे एखाद्या अकरावीच्या मुलाला म्हटले, तर गावातला चौथा श्रोता कायमचा गमावला जातो. त्याला जुन्या अल्बममधले असे एक गाणे द्यावे, ज्यात नव्या बाजाची चाहूल आहे. तो तिथून मागे जाईल. धाकट्यानेही थोरल्या दादाला नव्यातले असे गाणे सुचवावे, ज्यात जुना ठेका शिल्लक आहे.

नागपूर, पुणे किंवा मुंबईला बँड प्रत्यक्ष ऐकायला जाण्याचा योग आला, तर नव्या गाण्यांच्या वेळी पाणी प्यायला बाहेर पडू नये. मंचावर मोठ्या स्पीकरमधून तीच गाणी अनेकदा निराळी उभी राहतात, कारण ध्वनिमुद्रणात मागे ढकललेले वाद्य तिथे पुढे येते. जुन्या गाण्याची फर्माईश दोन गाण्यांच्या मधल्या वेळेत करावी, गाणे चालू असताना ओरडून करू नये.

हे सारे करूनही मत तेच राहिले, तर वर्षभराने एकदा, वहीतले टिपण समोर ठेवून, अल्बम पुन्हा ऐकावा. त्यानंतरही तो नकोसा वाटला, तर निःसंकोचपणे बाजूला ठेवावा आणि बँडची आपल्याला हवी तेवढीच वर्षे ऐकत राहावीत.